पालथा मग

आमच्या वस्तीत कुणाला खोकला धरला की तो आधी नेत्साईच्या आवारात जातो आणि तिच्या शेळ्यांची चौकशी करतो. शेळ्या धडधाकट असतात, हे त्यालाही ठाऊक असतं. पण तिच्याकडे चहा मागायचा नसतो, मिळायचा असतो. नेत्साई त्याचं बोलणं ऐकत नाही, बोलण्यातला घसा ऐकते. मग उठून आपल्या गोल स्वयंपाकघरात शिरते, आणि थोड्या वेळानं आतून लिंबासारखा वास यायला लागतो. तो झुंबानीचा.

दुकानातली पत्ती तिच्या घरात क्वचितच असते. तिचा चहा कुंपणाला लागून आणि मागच्या डोंगरावर उगवतो. अंगात ताप असेल तर झुंबानीचा पाला, छाती भरली असेल तर पेरूची कोवळी पानं आणि आलं, पोटात गुबारा धरला असेल तर गवती चहा. आणि ज्याला आपल्याला काय होतंय हेच सांगता येत नाही, झोप नाही, मन लागत नाही, त्याच्यासाठी मुफांडिचिमुका. आमच्या भाषेत हे नाव म्हणजे एक अख्खं वाक्य आहे: मरतो नि उठतो. खडकाच्या भेगेतलं झुडूप ते. कोरड्या दिवसांत त्याची काडी अशी वाळते की सरळ चुलीत घालावी. नेत्साई ती पाण्यात ठेवते, सकाळपर्यंत ती हिरवीगार होते, मग उकळते. तिचा नवरा लँग्टन दर वेळी म्हणायचा, माझ्या आजोबांना असंच भिजत घालून बघायला हवं होतं. संसारभर तोच विनोद, आणि संसारभर ती हसली.

लँग्टन गवंडी होता. सिमेंटची धूळ खाऊन त्याची छाती गेली होती, आणि एका हिवाळ्यात, डोंगरावरून बारीक भुरभुर उतरते त्या दिवसांत, तो गेला. प्रेताला आलेल्या बायकांनी नेत्साईच्या गळ्यात पडून रडून घेतलं आणि आवाराबाहेर गेल्यावर म्हणाल्या, गावाचा खोकला घालवला, घरचा काही गेला नाही. तिच्या कानावर ते आलंच. आपला चहा काय करतो आणि काय करत नाही, हे तिला त्यांच्यापेक्षा बरं माहीत होतं. पण लागायचं ते लागलं.

तिच्या नावाचा अर्थ आहे 'त्रास द्या'. सासरच्यांच्या छळाला कंटाळून तिच्या आईनं लेकीचं नाव असं ठेवलं होतं, येता-जाता सासूच्या कानावर पडावं म्हणून. लेकीनं मात्र जन्मात कुणाला त्रास दिला नाही. त्यातून ती एलंड हरणाच्या कुळीची, म्हणजे चिहेरा. चिहेरा बायका हट्टी, नवऱ्याला खांद्यावर टाकून चालणाऱ्या, असं सगळा मुलूख सांगतो. नेत्साईकडे बघून लोक म्हणायचे, हिच्या वाटणीचा हट्ट बहुतेक दुसरीलाच गेला.

आता वर्ष भरत आलं होतं. वर्ष भरलं की आमच्याकडे नाचणीची बिअर लावतात, मेलेल्याचं सामान नातलगांत वाटतात, आणि शेवटी बायकोची पाळी येते. घरातले पुरुष रांगेत बसतात. विधवा पाण्याची लाकडी वाटी घेऊन येते आणि त्यातल्या एकापुढे गुडघे टेकते. ज्याच्यापुढे टेकले, त्यानं त्या पाण्यात हात धुतले, की ती त्याची. दिराला दिली तर दिराची बायको. पोटच्या मुलाला दिली तर मुलांची आई म्हणून ती आपल्या घरात सुखानं राहते, कुणी तिच्यावर हक्क सांगत नाही. कुणालाच दिली नाही तर बोचकं बांधून माहेरी जायचं, आणि मुलं ठेवून जायचं, कारण मुलं बापाच्या कुळीची. नेत्साईची येउकाई आठ वर्षांची होती, अजून आईच्या पाठीला पाठ लावून झोपणारी.

तिचं ठरलेलं होतं. थोरला शिंगाई जोहान्सबर्गला एका बेकरीत होता. तो येईल, रांगेच्या टोकाला बसेल, ती त्याला वाटी देईल, संपलं. त्यानं फोनवर कबूल केलं होतं. त्या भरवशावर ती वर्षभर शांत होती.

पुढे ते मगाचं प्रकरण झालं.

आमच्या न्याती, म्हणजे रानरेड्याच्या कुळीच्या घराण्यात माणूस गेला की त्याचा मग मांडणीवर पालथा घालतात. सामान वाटेपर्यंत तो तसाच राहतो, कुणी त्याला हात लावत नाही. लँग्टनचा मग इनॅमलचा, निळा, कानाजवळ टवका उडालेला. मातीच्या मांडणीवर बाकीच्या भांड्यांच्या ओळीत तो तेवढा तोंड खाली करून बसलेला असे. त्या दिवशी चर्चच्या बायकांचा मेळावा होता आणि वस्तीतले सगळे मग तिकडे गेले होते, नेत्साईचेही. भुरभुर चालू होती. लँग्टनचा धाकटा भाऊ ओबर्ट तिच्या छपराचं गवत नीट करायला आला होता. खाली उतरला तो खोकतच. ती चूल फुंकत होती. पेरूचा पाला उकळला होता, झुंबानी पडली होती, आणि खोकणारा माणूस तिच्या उजव्या हाताला, पुरुषांच्या बाकावर बसला होता. तिचा हात मांडणीकडे गेला. त्या हाताला वर्षानुवर्षांची सवय. त्यानं निळा मग उचलला, सुलटा केला, भरला आणि पुढे केला.

मग ओबर्टच्या हातात गेल्यावर तिला दिसलं, नवऱ्याचा मग, म्हणजे त्याची जागाच, आपण दिराला दिली.

त्यानं मगाकडे बघितलं, दोन्ही हातांनी धरला, हळूहळू सगळा प्यायला. मग स्वतः उठून तो विसळला आणि मांडणीवर ठेवला. सुलटा ठेवला. जाताना म्हणाला, "बरं वाटलं, माई शिंगाई." आमच्याकडे बाईला अशी मुलाच्या नावानं हाक मारतात, अमक्याची आई म्हणून. तो गेल्यावर तिनं मग पुन्हा पालथा घातला. पण पालथा घातल्यानं सांडलेलं भरून येत नाही.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. मुलं त्याला बाबामुनिनी म्हणत, म्हणजे धाकटे बाबा, आणि मुलांची आई म्हणून तीही तेच म्हणायची. आता ती तो शब्द टाळायला लागली. बाबामुनिनी बाकावर बसायचे, खोकायचे, आणि हात लांबवून तो मग आपणच काढायचे. ओबर्ट वाईट माणूस नव्हता, हीच मोठी अडचण होती. दारू प्यायचा तो बेतानं, आवाज चढवायचा नाही, छप्पर शाकारून दिलं होतं, येउकाईसाठी बोरं आणायचा. वाईट असता तर चार लोकांपुढे आरडाओरडा तरी करता आला असता. हा नुसता बसायचा. आणि खोकणाऱ्या माणसाला चहा नाकारणं तिच्याच्यानं होणार नव्हतं, आमच्याकडे कुणाच्याच्यानं होत नाही. ओतला तर होकार, न ओतला तर पाप. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. एकदा तिनं कोरफडीचा गर घालून चहा असा कडू केला की शेळीनंही तोंड फिरवलं असतं. ओबर्टनं तो तळापर्यंत संपवला आणि विचारलं, "लँग्टनला असाच आवडायचा का?"

तिला रडू आलं. त्याला वाटलं, लँग्टनच्या आठवणीनं.

वस्तीत बोभाटा व्हायला वेळ लागला नाही. मग सुलटा झाला, असं बायका विहिरीवर म्हणत, आणि नेत्साई आली की पोहऱ्याबद्दल बोलू लागत. एक दिवस ओबर्टची बायको माई प्रेझ आली. मीठ मागायला आली होती, पण मीठ घेऊनही उभीच राहिली. झोप येत नाही म्हणाली. नेत्साईनं भिजवलेली काडी उकळून दिली. ती उभ्याउभ्याच प्यायली आणि म्हणाली, "त्याला नाही सांगून टाक ना."

"मी हो कुठं म्हणाले?"

"मग नाही म्हण."

"विचारलं तर म्हणेन," नेत्साई म्हणाली. "विचारतच नाहीत."

खरंच कुणी विचारत नव्हतं. तिला वाटायचं, आपण बोललो तर लोक म्हणतील, मनात होतं म्हणूनच सुचलं. न बोलावं तर रोज एक मग भरत होता. चुलीपासून दारापर्यंत चार पावलांचं ते स्वयंपाकघर, जिथं ती आजवर राणीसारखी वावरली होती, तिथं आता तिला श्वास पुरेना. ती झुंबानी तोडायच्या निमित्तानं डोंगरावर जाऊन बसायची. खाली धूर दिसायचा, धुराखाली ओबर्टची टोपी दिसायची. वाट बघत बसलेला असायचा.

बिअर लावायच्या आधी तेते कॉन्सिलिया रुसापे शहरातून येऊन दाखल झाली. तेते म्हणजे नवऱ्याची बहीण, आणि थोरली तेते म्हणजे आमच्या घरांत जवळजवळ सासराच. हाडापेरानं मोठी, पाय सुजलेले, जीभ मात्र सडसडीत. आल्याआल्या तिनं मांडणीकडे बघितलं, पालथ्या मगाकडे बघितलं आणि म्हणाली, "आता कशाला झाकून ठेवतेस? सगळ्या जगानं आत बघितलंय."

नेत्साईनं सांगायचा प्रयत्न केला. मेळावा, भुरभुर, सवय. तेतेनं सगळं ऐकून घेतलं आणि चहा मागितला. प्यायल्यावर म्हणाली, गरम पाणी आहे. रोज म्हणायची, आणि रोज दुसऱ्यांदा मागायची.

शिंगाईचा फोन त्याच आठवड्यात आला. बेकरीत नवा मालक आला होता, त्यानं रजा नाही म्हणून सांगितलं होतं. त्यातून त्याच्या परवान्याची मुदत संपली होती, सीमा ओलांडली तर परत जाता येणार नव्हतं. तो फोनवर रडत होता. येतो म्हणाला, सगळं सोडून येतो. नेत्साई म्हणाली, येऊ नकोस. फोन ठेवल्यावर ती चुलीपुढे बसली आणि चूल विझली तरी तिला कळलं नाही. भरवशाच्या म्हशीला टोणगा म्हणतात, पण इथे म्हशीचाही दोष नव्हता.

तेते बाहेरच्या चटईवर पाय पसरून बसली होती. तिनं फोन ऐकला होता. नेत्साईनं तिच्या पायांना शेक द्यायला पाणी आणलं तेव्हा ती आपणहून म्हणाली, "माझ्याकडे बघू नकोस."

"मी कुठं बघितलं, तेते?"

"बघशील. मुलगा नसला की बायका तेतेकडे वाटी आणतात, मला माहितीय. तेतेनं हात धुतले की बाई कुणाचीच नाही, पण घर आणि मुलं तिचीच. ते माझ्या दारात आणू नकोस. मी एक नवरा पुरलाय, आता म्हातारपणी मी स्वतः कुणाचा नवरा होणार नाही. तू वाटी आणलीस तर हात पाठीमागे घेईन, आणि मग तुझं तू बघ."

नेत्साई पाय शेकत राहिली. पाणी कोमट झालं तेव्हा तेते म्हणाली, आवाज तोच, पण जरा खालच्या पट्टीत, "मीसुद्धा दिली होती वाटी. माझ्या दिराला. रांगेत कोण कोण बसलंय ते बघितलंसुद्धा नव्हतं. कुठं जाऊन गुडघे टेकायचे ते मला आधीच सांगितलं होतं."

"मग?"

"मग काय? अजून आहे मी त्याच्या मागच्या खोलीत. मेले का? नाही मेले. तू पण मरणार नाहीस."

आपलंही तिच्यासारखं होऊ नये असं तेतेला का वाटत नाही, हे नेत्साईला समजेना. मला विचाराल तर त्यात न समजण्यासारखं काही नाही. ज्यानं सगळं गिळलेलं असतं, त्याला दुसऱ्यानं थुंकलेलं बघवत नाही.

समारंभाला सगळी वस्ती आली. सूत्रं भाच्याकडे, म्हणजे तेतेचा मुलगा एनॉक याच्याकडे होती. एनॉक पोटानं मोठा, तोंडानं त्याहून मोठा. भाच्याला मामाच्या घरी काहीही बोलायची मुभा असते आणि एनॉकनं ती आयुष्यात कधी वाया घालवली नाही. नेत्साईनं लँग्टनच्या काठीवरून पाय टाकला, वर्षभर पुरुषाच्या वाऱ्यालाही उभं न राहिलेल्या बाईनं टाकायचा असतो तसा, तेव्हा तो म्हणाला, "काठी ठीक आहे, पण आमच्या मामीला मगावरून उडी मारायला लावा!" लोक हसले. नेत्साईच्या कानशिलांतून वाफा निघाल्या.

सामान वाटलं गेलं. सायकल एका चुलतभावाला, करणी आणि ओळंबा दुसऱ्याला, कोट ओबर्टला. त्यानं तो तिथंच अंगात घातला. खांद्यात जरा सैल होता. सगळ्यात शेवटी एनॉकनं निळा मग वर धरला आणि विचारलं, हा कुणाचा? सगळ्यांनी ओबर्टकडे बघितलं. ओबर्ट मऊपणे म्हणाला, "तो राहू दे मांडणीवर. त्याची जागा झालीय."

पुरुष रांगेत बसले. मधोमध ओबर्ट, लँग्टनच्या कोटात. बायका पलीकडे चटईवर, त्यांच्या पुढे तेते, पाय पसरून. येउकाई माई प्रेझच्या शेजारी बसली होती आणि आईकडे बघून हात हलवत होती. तिला वाटत होतं, आई नाचणार आहे.

नेत्साई वाटी घेऊन स्वयंपाकघरातून निघाली. वाटीतल्या पाण्याला झुंबानीचा वास होता, तिच्या घरात साध्या पाण्यालाही असतो. तिचे पाय रांगेकडे चालले होते, कारण सगळी वस्ती त्यांना तिकडे ढकलत होती. ओबर्टनं बाह्या मागे सारल्या. ते तिनं बघितलं. त्यानं इतक्या सहजपणे बाह्या सारल्या, जसं काही भात वाढून झालाय आणि हात धुवायचे आहेत. तिथं तिचं काहीतरी तुटलं. ती वळली आणि चटईकडे जाऊन तेतेपुढे गुडघ्यांवर बसली.

बायकांची कुजबूज थांबली. तेतेचे हात मांडीवर होते. तिनं ते पाठीमागे नेले नाहीत, पुढेही आणले नाहीत.

"तुला सांगितलं होतं," तेते हळू म्हणाली.

"सांगितलं होतं, तेते."

"तरी आणलीस?"

"तरी आणली."

पाणी काठावरून नेत्साईच्या मनगटावर सांडत होतं. मागून कुणीतरी पुरुष म्हणाला, घोडं कुठं अडलंय. तेतेनं त्या पाण्याकडे बघितलं, बराच वेळ बघितलं. मग वाकून, त्या दोघींनाच ऐकू जाईल असं म्हणाली, "मला हे त्या दिवशी सुचलंच नाही गं." आणि दोन्ही हात मनगटापर्यंत वाटीत घातले.

बायकांनी अशी काही किलकारी दिली की शेळ्या दावं तोडून पळाल्या. माई प्रेझ सगळ्यात मोठ्यानं किंचाळत होती. तेतेनं ओले हात नेत्साईच्या डोक्याला पुसले आणि आपल्या नेहमीच्या आवाजात एनॉकला हाक मारली. "ए, माझ्या बायकोच्या घरातला माझा मग कुठाय? आण इकडे. आणि जाऊन तुझ्या त्या बापाला सांग, मी आता बायकापोरांची झाले, मला यायला जमणार नाही. नवरा घर टाकून जात असतो का?"

लोक हसून हसून बेजार झाले. तेते हसली नाही. रुसापेच्या मागच्या खोलीत ती परत गेली नाही, आजतागायत नाही.

ओबर्टनं बाह्या खाली केल्या. निघताना तो नेत्साईपाशी थांबला. राग नव्हता त्याच्या तोंडावर, त्याला राग येतच नाही. म्हणाला, "तेतेंना जपा. वय झालंय त्यांचं." आणि थोडा वेळ छपराकडे बघत राहिला, आणखी कुठे शाकारायला हवंय का ते.

या गोष्टीला दोन हिवाळे झाले. निळा मग आता मांडणीवर सुलटा असतो. तेते त्यातून पिते आणि गरम पाणी म्हणते. मीठ जास्त, लाकडं ओली, पोरगी लाडावलेली, असं दिवसभर चालू असतं. कुठला नवरा इतकं बोलला नसता. नेत्साई ऐकून घेते. ओबर्ट अधूनमधून येतो, शेळ्यांची चौकशी करतो, बाकावर बसतो. येउकाईनं त्याच्यासाठी वेगळा मग ठेवलाय. तो पिता पिता विचारतो, "तेतेंची छाती कशी आहे?"

भुरभुर उतरते त्या दिवसांत तेते पहाटे खोकते. खोकला वरवरचा आहे की खोलातला, ते नेत्साई अंथरुणातून कान देऊन ऐकते. मग उठते, चूल पेटवते, पेरूचा पाला घालते, आलं ठेचते, हिरवी झालेली काडी टाकते. हात चालू असतात, कान मागे असतो. आजवर तिनं कुणासाठी इतक्या जिवाच्या आकांतानं चहा केला नाही, लँग्टनसाठीही नाही. हे तिला कळतं, आणि ते कळल्याची तिला लाज वाटते.

परवाच्या पहाटे खोकला लांबला. नेत्साई मग घेऊन आली तेव्हा वाटीतलं पाणी सांडलं होतं तसाच चहा तिच्या मनगटावर सांडत होता. तेतेनं तिच्याकडे बघितलं. तिला सगळं कळतं.

"घाबरू नकोस," ती म्हणाली. "आज नाही मरत मी."

"उद्या पण नको, तेते."

"बघते," तेते म्हणाली, आणि दोन्ही हातांनी मग धरून, एक घोट न टाकता, सगळा प्यायली.